मे महिन्यातली सायकल सहल : बेत आखण्याचे शास्त्र

वार्षिक परीक्षा संपली, की साहसाच्या बेतांना ऊत येतो. समजा, दौंडच्या पाच-सहा मित्रांनी असा बेत केला : सायकलींवरून शिरूरला जायचे, तेथून पुढे टाकळी हाजीजवळ कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायचे आणि सायकलींवरूनच परतायचे. बेत झकास आहे. दौंड ते शिरूर हे अंतर नकाशावर सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर भरते. रस्त्याने ते साठ किलोमीटरच्या आसपास जाते. मित्रांनी लगेच गणित मांडले. ताशी १५ किलोमीटर वेगाने चार तास. सकाळी आठला न्याहारी करून निघालो, तर बारा वाजता शिरूर!

अंकगणित म्हणून हे उत्तर बरोबर आहे, पण बेत म्हणून ते धोक्याचे आहे. या गणितात अंतर आले, वेग आला, वेळ आली. सूर्य मात्र राहून गेला. उष्ण कटिबंधात राहणाऱ्या माणसाने सूर्याला वगळून प्रवासाचा बेत केला, तर गोष्ट जिवावर बेतू शकते. ती कशी, आणि सूर्याला हिशेबात घेतल्यावर बेत कसा बदलतो, ते या लेखात पाहू.

डोक्यावरचा सूर्य

पृथ्वीवर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा म्हणजे उष्ण कटिबंध. कर्कवृत्त गुजरात, मध्य प्रदेश, झारखंड अशा राज्यांतून जाते. आपला सगळा महाराष्ट्र त्याच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे. या पट्ट्याची खूण अशी, की येथे वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली त्या क्षणी नाहीशी होते. लंडन किंवा दिल्लीच्या माणसाला आपल्या गावी हा चमत्कार कधीच दिसत नाही.

दौंड सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, शिरूर सुमारे १८.८ अंशांवर. मे महिन्याच्या मध्यास सूर्य रोज साधारण पाव अंश उत्तरेकडे सरकत असतो. म्हणून दौंडला १३ मेच्या सुमारास सावली नाहीशी होते आणि शिरूरला त्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणजे सूर्यसुद्धा दौंडहून शिरूरला जातो, आणि त्यालाही दीड दिवस लागतो! जुलैच्या अखेरीस परत फिरताना तो पुन्हा डोक्यावरून जातो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते.

मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा, असे मात्र समजू नका. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या वेळेनुसार चालते. शिरूर-दौंड त्याच्या पश्चिमेस सुमारे आठ अंशांवर आहेत. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर सूर्य आपल्याकडे सुमारे ३२ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. त्यात ऋतुमानाप्रमाणे थोडा फरक पडतो. मेच्या मध्यास आपली खरी मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांच्या आसपास होते.

या सगळ्याचा सहलीशी संबंध काय? एक तर डोक्यावरच्या सूर्याचे किरण हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतात आणि जमिनीवर सरळ पडतात. त्या वेळी एक चौरस मीटर सपाट जमिनीवर सेकंदाला सुमारे १००० ज्यूल, म्हणजे १००० वॉट इतकी ऊर्जा पडते. दुसरे म्हणजे त्या वेळी भिंतीच्या कडेला सावली मिळत नाही. विजेचा खांब, घराची भिंत, दगडी कुंपण यांच्या आडोशाचा काही उपयोग नसतो. डोक्यावर छप्पर किंवा दाट पानांचे झाड असेल, तरच सावली. साठ किलोमीटरच्या उघड्या रस्त्यावर अशी झाडे कोठे आहेत, हे निघण्यापूर्वीच माहीत असले पाहिजे.

शरीराचा जमाखर्च

आता सायकलस्वाराच्या शरीराचा हिशेब मांडू. आपले शरीर हे एक एंजिनच आहे, आणि इतर एंजिनांप्रमाणे तेही तापते. सपाट रस्त्यावर साध्या सायकलीला पायडल मारायला सुमारे ५० वॉट शक्ती लागते असे धरू. पण स्नायूंची कार्यक्षमता फार तर २० ते २५ टक्के असते. म्हणजे ५० वॉट पायडलला मिळावेत म्हणून शरीराला सुमारे २५० वॉट दराने ऊर्जा खर्च करावी लागते. उरलेले २०० वॉट उष्णतेच्या रूपाने अंगातच राहतात. ही उष्णता बाहेर टाकली नाही, तर शरीराचे तापमान वाढत जाणार.

ती बाहेर टाकण्याचा पहिला मार्ग हवा. कातडीचे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सिअस असते. सायकलवर अंगावरून वारा वाहतो. कातडी आणि हवा यांच्या तापमानात जितके अंश फरक, तितक्या पंधरा पट वॉट उष्णता अशा वाऱ्याने नेली, असे स्थूलमानाने धरायला हरकत नाही.

सकाळी सहाला हवा २५ अंशांवर आहे. फरक ९ अंश. ९ × १५ = १३५ वॉट उष्णता वाराच घेऊन जातो. उरले ६५ वॉट. तेवढ्यापुरता घाम आला की झाले.

दुपारी एकला हवा ४० अंशांवर आहे. आता हवाच कातडीपेक्षा ६ अंशांनी जास्त गरम! वारा उष्णता नेत नाही, उलट ६ × १५ = ९० वॉट आणून देतो. शिवाय उन्हातून अंगात शोषली जाणारी उष्णता निदान १०० वॉट. स्नायूंचे २०० वॉट आहेतच. बेरीज ३९० वॉट.

ही सगळी उष्णता घालवायला आता एकच मार्ग उरतो : घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घाम कातडीवर सुकताना सुमारे २४०० ज्यूल सुप्त उष्णता घेऊन जातो. सकाळच्या ६५ वॉटसाठी तासाला सुमारे १०० ग्रॅम घाम पुरतो. दुपारच्या ३९० वॉटसाठी तासाला सुमारे ५८५ ग्रॅम घाम सुकावा लागतो. रस्ता तोच, सायकल तीच, वेगही तोच. पण खर्च जवळजवळ सहापट. प्रत्यक्षात काही घाम न सुकता ठिबकून जातो, म्हणून शरीराला याहूनही बरेच जास्त पाणी घालवावे लागते.

आणि घाम आलाच नाही तर? समजा, पाणी संपले आणि घाम थांबला. ४५ किलो वजनाच्या मुलाचे शरीर एक अंशाने तापायला सुमारे १,५७,५०० ज्यूल लागतात. ३९० वॉट दराने ते सात मिनिटांच्या आत जमा होतात. म्हणजे ३७ अंशांवरचे शरीर वीस मिनिटांत ४० अंशांवर! प्रत्यक्षात घाम एकदम बंद होत नाही आणि माणूसही आधी थकून थांबतो, म्हणून इतक्या झपाट्याने सहसा घडत नाही. परंतु शरीर संकटापासून किती थोड्या अंतरावर असते, ते या आकड्यावरून ध्यानात येईल. शरीर चाळिशी ओलांडू लागले, की मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, शुद्ध हरपतो. यालाच उष्माघात म्हणतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर तो प्राण घेतो.

कोरडी हवा : उपकारी आणि फसवीही

सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शिरूर आणि दौंड हे तालुके डोंगराच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत आहेत. येथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे मे महिन्यात येथील हवा कोरडी असते. कोरड्या हवेत घाम चटकन सुकतो आणि शरीर लवकर निवते. माठातले पाणी दौंडला जसे गार होते तसे रत्नागिरीला होत नाही, त्याचे कारणही हेच.

हा गुण मोजता येतो. तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून वारा घातला, की पारा खाली उतरतो. हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो. कोकणात हवा ३३ अंशांवरच असते, पण आर्द्रता ७० टक्के असेल तर तोच तापमापक २८ अंशांवर थांबतो. म्हणून कोकणात पारा खाली असूनही अंग चिकचिकते आणि जीव कासावीस होतो. हा आकडा ३५ अंशांवर गेला, तर सावलीत स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसालाही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. शरीर हार खाते ते प्रत्यक्षात त्याच्या बरेच आधी.

कोरड्या हवेचा फसवेपणाही लक्षात ठेवा. घाम आल्याबरोबर सुकतो, म्हणून तो आलाच नाही असे वाटते. शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात तेव्हा कळते, की अर्धा-पाऊण लिटर पाणी केव्हाच उडून गेले. यासाठी तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे पाणी प्यावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत उत्तम. जुलाब-उलट्यांसाठी सांगतात तेच मिश्रण येथेही चालते : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

डोक्याला ओले पंचे गुंडाळण्याची आपल्याकडील रीत या दृष्टीने अगदी शास्त्रीय आहे. पंचातले पाणी सुकताना तीच २४०० ज्यूल दर ग्रॅम उष्णता नेते, आणि तेवढा घाम वाचतो.

दुपारी थांबण्याचे दुसरे कारण

दुपारी उन्हाखेरीज आणखी एक पाहुणा येतो : वळीव. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते. तिच्यात पुरेसे बाष्प असेल, तर तिसऱ्या प्रहरी उंचच उंच काळे ढग उभे राहतात. मग सोसाट्याचा वारा, विजा, कधी गारा. उघड्या माळावर सायकलस्वार हीच सर्वांत उंच वस्तू ठरण्याचा संभव असतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि त्यांना तीनने भागा. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल. हा अवधी तीस सेकंदांपेक्षा कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब पक्क्या घरात शिरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली कधीही उभे राहू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे मोबाइल ॲप तयार केले आहे. बरोबरच्या मोठ्या माणसाच्या फोनवर ते असू द्या.

मग पहाटे चारलाच निघावे काय?

ऊन म्हणते पहाटे निघा. पण येथे दुसरी एक अडचण आडवी येते. शिरूर तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत लहान मुलेही होती. बिबट्या प्रामुख्याने रात्री आणि अंधूक उजेडात हिंडतो. सायकलीवर वाकून बसलेला मुलगा त्याला लहान प्राण्यासारखा दिसू शकतो. म्हणून अंधारात निघू नये, सांज झाल्यावर रस्त्यावर असू नये आणि नदीकाठी किंवा शेताजवळ तंबू ठोकू नये. संध्याकाळी तर अधिक जपावे, कारण उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि अंधार लवकर पडतो. सातच्या सुमारास सूर्यास्त झाला, की वीस-पंचवीस मिनिटांत रस्ता दिसेनासा होतो.

म्हणजे दोन मर्यादा मिळाल्या. उजाडण्याआधी निघायचे नाही आणि ऊन चढल्यावर चालायचे नाही. पहिली मर्यादा मेच्या मध्यास सहा वाजताची. दुसरी कशी ठरवायची? त्यासाठी घड्याळही नको. तुमची सावली तुमच्या उंचीएवढी झाली, की सूर्य बरोबर ४५ अंश वर आलेला असतो. मेच्या मध्यास आपल्याकडे ही वेळ सव्वानऊच्या सुमारास येते. सावली उंचीपेक्षा तोकडी झाली, की सायकल थांबवा, हा नियम करा. दुपारी तीन-चाळीसला सावली पुन्हा उंचीएवढी होते, पण त्या वेळी हवा आणि डांबर तापलेलेच असते. म्हणून हा नियम सकाळपुरताच वापरावा.

दुरुस्त केलेला बेत

सहा ते सव्वानऊ म्हणजे सव्वातीन तास. त्यांतून विश्रांतीचा अर्धा तास वजा केला आणि सामानासह वेग ताशी १२ किलोमीटर धरला, तर एका सकाळी ३३ किलोमीटर होतात. साठ किलोमीटरला दोन सकाळी हव्यात. तेव्हा नवा बेत असा :

पहिली सकाळ – दौंडहून निघून निम्मी वाट. मुक्काम आधी ठरवलेल्या घरी किंवा शाळेत, पक्क्या छपराखाली.
दुसरी सकाळ – शिरूर.
तिसरा दिवस – विश्रांती. १५ मेच्या जवळपास असाल, तर मध्यान्ही सावलीचा प्रयोग.
चौथी सकाळ – टाकळी हाजी, अंतर सुमारे वीस-पंचवीस किलोमीटर. रांजणखळगे पाहून मुक्काम गावात.
परतीसाठी तीन सकाळी.

दोन मोठी माणसे बरोबर हवीतच. दर तासाला निदान अर्धा लिटर या मानाने प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी असावे. बाटल्यांना ओले फडके गुंडाळावे. वाटेतल्या गावांत पाणी कोठे मिळेल आणि बिबट्या दिसला आहे काय, याची गावकऱ्यांकडे चौकशी करावी. शक्य तर दोन आठवडे आधीपासून रोज सकाळी थोडी थोडी सायकल चालवावी. उन्हाची सवय झालेल्या शरीराला घाम लवकर येतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असते. ही सवय व्हायला आठ ते चौदा दिवस लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल, उष्ण खाणींत नव्या कामगारांना अशी सवय मुद्दाम लावत असत.

एवढे करून कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, पायांत गोळे आले, तर लगेच सावलीत थांबा, पाणी पाजा, कपडे ओले करा. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत अंगभर पाणी ओता आणि सारखा वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

रांजणखळग्यांपाशी

आता ज्याच्यासाठी निघालो ते ठिकाण. कुकडीच्या एका काठाला शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, दुसऱ्या काठाला पारनेर तालुक्यातले निघोज. मध्ये काळ्या बसाल्ट खडकाचे पात्र, आणि त्यात रांजणासारखे गोल, गुळगुळीत खड्डे कोरलेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा हा खडक. पुराच्या पाण्यात भोवरे होतात. खडकातल्या एखाद्या खळगीत गोटे अडकले, की भोवरा त्यांना गरगर फिरवतो. गोटे खडक घासतात, स्वतःही झिजतात. पुढच्या पुरात नवे गोटे येतात. असे हजारो पावसाळे गेले, तेव्हा खळगीचा रांजण झाला. पावसाळ्यात हे सारे पाण्याखाली जाते. पात्र उघडे पडते ते कोरड्या ऋतूत, म्हणून उन्हाळी सहलीला येथे अर्थ आहे.

पण पाण्यात उतरू नका. पाण्यातून बाहेर येणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून पाहताना चार मीटर खोल पाणी तीन मीटरच भासते. खड्ड्यांच्या भिंती गोट्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या. पडलेल्या माणसाला हाताला धरायला काही सापडत नाही. शिवाय वरच्या अंगाला येडगावसारखी धरणे आहेत. पाणी सोडले, तर निरभ्र आकाशाखालीही पात्र भरू शकते. काठावर उभे राहून पाहा, खड्ड्यांच्या आकारांची चित्रे काढा, तळाशी गोटे दिसतात का ते शोधा. नऊ वाजले की निघा, कारण काळा खडक झपाट्याने तापतो.

आपल्या भागातला शेतकरी उन्हाळ्यात कसे काम करतो, ते पाहिलेच असेल. सकाळी लवकर औत धरतो, ऊन चढल्यावर बैल सोडतो, दुपारी झाडाखाली भाकरी खाऊन आडवा होतो. ज्यूल आणि वॉट मांडून आपण ज्या वेळापत्रकापाशी आलो, ते त्याचेच आहे.

करून पाहा

१) एक मीटरची सरळ काठी अंगणात ओळंब्याने उभी करा. सकाळी सहापासून दर अर्ध्या तासाने सावलीची लांबी मोजून आलेख काढा. सावली एक मीटर केव्हा झाली आणि सर्वांत आखूड केव्हा झाली, ते लिहून ठेवा. तुमच्या गावची खरी मध्यान्ह मिळेल.

२) दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत ठेवून वारा घाला. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा वाजता दोन्हींचे आकडे नोंदवा.

३) या नोंदींवरून तुमच्या गावाहून निघणाऱ्या सहलीचे वेळापत्रक स्वतः तयार करा. वर दिलेल्या हिशेबात तुमच्या गावचे तापमान घालून तासाला किती पाणी लागेल ते काढा, आणि मगच घरच्यांकडे परवानगी मागायला जा.